जीपमधलं इंजेक्शन

आमच्या दवाखान्यात हल्ली एक तरुण भूलतज्ज्ञ येतो. हुशार आहे, नम्र आहे, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई कुठवर गेली ते बघत बघत जांघेत इंजेक्शन देतो. खुबा मोडून आलेला माणूस अर्ध्या तासात शांत होतो आणि चहा मागतो. चहा मिळत नाही, कारण ऑपरेशन व्हायचं असतं. परवा असाच एक म्हातारा चहासाठी रुसून बसला, तेव्हा हा पोरगा मला म्हणाला, "सर, ही नवी पद्धत इकडं यायला फार उशीर झाला." मी नुसती मान हलवली. नवी म्हणे! याच दवाखान्याच्या फाटकात एक बाई पडद्याबिडद्याशिवाय, निव्वळ बोटांच्या भरवशावर हेच करत होत्या, आणि करता करता एक दिवस त्यांनी ते सोडून दिलं. हे त्याला सांगत बसलो असतो तर म्हाताऱ्याचं ऑपरेशन लांबलं असतं, म्हणून इथं सांगतो.

यशोधरा मॅडम आता नाहीत. हिंगोलीत त्या भुलीच्या डॉक्टर होत्या. आमच्या भागात ऑपरेशन करणारा तो डॉक्टर आणि भूल देणारा तो 'सुईवाला', त्याचं नावही कुणी विचारत नाही. मॅडमना त्याचं सुखदुःख नव्हतं. गावातल्या चार-पाच दवाखान्यांत त्या जायच्या, बोलावणं आलं तर कळमनुरी, आखाडा बाळापूरलाही. स्कूटरवर पायाशी काळी बॅग, अंगावर सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून सगळं गाव हसायचं. मॅडमचं उत्तर ठरलेलं असायचं, चपला घालून पळता येत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला पळायचं कुठं असतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मी हाडांचा डॉक्टर, म्हणून त्या मला सुतार म्हणायच्या. पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, खुशाल. "सुतार, तुमची करवत घ्या, माझं झालंय." पहिल्यांदा राग आला होता. नंतर एखाद्या दिवशी 'सर' म्हणाल्या तर आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायला लागलं.

त्यांचं खरं भांडण होतं ते सोसण्याशी. आपल्याकडे म्हातारं माणूस कण्हायला लागलं की भोवतीचे लगेच सुरू होतात, मामा सहन करा, मावशी देवाचं नाव घ्या. मॅडमना ते ऐकवत नसे. एकदा नरसीकडचा एक जावई सासऱ्याला असा धीर देत होता. मॅडम त्याला म्हणाल्या, या इकडं, तुमचा पाय द्या, मी पिळते आणि तुम्ही सहन करून दाखवा. जावई दोन पावलं मागे सरकला. वर एक वाक्य ठेवून द्यायच्या, "दुखणं सोसलं म्हणून कुणाला बक्षीस भेटत न्हाई."

स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. फक्त एकदा ओघात सांगितलं होतं की त्यांची मावशी खुबा मोडून घरीच खाटेवर पडली होती आणि पायाला विटा बांधून ठेवल्या होत्या. तिचं ओरडणं सगळ्या आळीला ऐकू यायचं. मॅडम तेव्हा शाळेत होत्या. एवढंच सांगून त्यांनी विषय बदलला, मीही खोदून विचारलं नाही.

त्या इंजेक्शनाची सुरुवात जीपमध्ये झाली. कनेरगाव नाक्याकडचा एक म्हातारा, बैलगाडीवरून पडून खुबा मोडलेला, जीपच्या मागच्या सीटवर अडकून बसला होता. पाय वाकडा, तोंड काळंनिळं. तिघंजण त्याला ओढून बाहेर काढायच्या तयारीत आणि जरा हात लागला की म्हातारा अशी किंकाळी फोडी की रस्त्यावरची माणसं थांबत. शिरेतून वेदनाशामक देऊनही फार फरक नव्हता. मॅडम आतून आल्या आणि सगळ्यांना जीपमधून खाली उतरवलं. स्वतः साडी खोचून आत चढल्या. म्हाताऱ्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि जांघेत, सीटच्या त्या चिंचोळ्या जागेत, शांतपणे इंजेक्शन दिलं. मग त्याच्याशेजारी बसून त्याच्या हळदीच्या शेताची चौकशी करत राहिल्या. हळद कितीदा शिजवली, वाळवली कुठं. अर्ध्या तासानं म्हाताऱ्यानं बोलता बोलता स्वतःच पाय सरळ करू दिला. चौघांनी त्याला उचलून आणलं तरी त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. एक्स-रेच्या टेबलावर म्हणाला, "बाई, पाय गेला का माझा? कळूनच नाही राहिला."

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात नियमच झाला. खुबा मोडलेलं माणूस आलं की त्याला हलवायचं नाही. आधी मॅडम, मग स्ट्रेचर, मग एक्स-रे, आणि सुतार सगळ्यात शेवटी. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात न्यायची मोकळीक नव्हती, तेव्हा त्यांचं सगळं काम बोटांवर चालायचं. कातडीखाली दोन पडदे असतात. बोथट सुई त्यातून जाताना पहिली 'टप' होते, मग दुसरी. दुसऱ्या टपनंतर थांबायचं आणि औषध सोडायचं. मला शिकवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. वाडग्यातल्या मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या ताणून बांधल्या आणि म्हणाल्या, डोळे मिटा आणि टोचा. मला एकच टप लागायची, नाहीतर थेट वाडग्याचा तळ. "सुताराला हातोड्याचंच कळायचं," म्हणून त्यांनी नाद सोडला.

इंजेक्शनाची कीर्ती मात्र अशी पसरली की बोलायची सोय नाही. लोक त्याला 'जीपमधलं इंजेक्शन' म्हणू लागले. कंबर धरलेले, गुडघे गेलेले, कुणी कुणी चांगले चालत येऊन फाटकाबाहेर भाड्याच्या जीपमध्ये चढून बसायचे, कारण इंजेक्शन जीपमध्येच लागू पडतं असा समज. एकदा बाळापूरच्या बाजारातून एक गृहस्थ आला आणि म्हणाला, माझा बैल मागच्या पायानं लंगडतो, टेंपोत घालून आणू का. मॅडम हसून हसून बाकावर बसल्या. मग त्याला जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता समजावून सांगितला. बाकीच्यांनाही त्या सांगायच्या, हे इंजेक्शन दुखणं झाकतं, मोडलेलं सांधत नाही. लोक माना डोलवायचे. झाकलेलं आणि बरं झालेलं यातला फरक दुखत असताना कळतो. दुखायचं थांबल्यावर कुणाला कळतो?

जमनाबाईंना कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरून आणलं होतं. गोठ्याच्या पायरीवरून घसरल्या होत्या. मुलगा प्रल्हाद आणि सून सोबत. मॅडम जीपमध्ये चढल्या आणि आधी मुलाला विचारलं, तू आईला काय म्हणतोस. तांड्यावर आईला याडी म्हणतात. झालं, त्या घडीपासून मॅडमसाठीही ती याडी. इंजेक्शन दिल्यावर त्या प्रत्येक पेशंटला दम द्यायच्या तसा याडीलाही दिला, "आज हा पाय तुमचा न्हाई, माझा हाय. मला इचारल्याबिगर हलवायचा न्हाई." याडी दात नसलेलं तोंड उघडून हसली. पाय बधिर राहील, त्यात जोर राहणार नाही, उभं राहायचं नाही, हे प्रल्हादला वेगळं सांगितलं, सुनेला वेगळं सांगितलं.

एक्स-रे बघून मी खूश झालो होतो. हाड मोडलं होतं, पण तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन स्क्रू घातले की काम झालं. आठवड्याभरात म्हातारी वॉकर घेऊन चालली असती. मी प्रल्हादला तसं सांगितलंही.

दुपारी जमनाबाईंना झोप लागली. दोन दिवस घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता म्हातारी शांत निजली आहे हे बघून नवरा-बायको फाटकाबाहेर चहाला गेले. सिस्टर एकटीच, ती दुसऱ्या खोलीत सलाईन बदलत होती. जमनाबाई जाग्या झाल्या. लघवीला लागली होती. कॉटवर पॉट घ्यायला त्यांनी सकाळपासून नकार दिला होता, जिथं भाकर खायची तिथंच ते कसं करायचं म्हणून. पाय दुखत नव्हता. त्या उठल्या, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि मोरीकडे निघाल्या. सिस्टरला आधी पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. ओरडल्यासुद्धा नाहीत, कारण पडल्यावरही दुखलं नाही.

दुसरा एक्स-रे मला अजून दिसतो. घट्ट बसलेलं हाड पार सुटून वर सरकलं होतं. स्क्रूंचा विषय संपला. अर्धा सांधा बदलावा लागला, रक्त द्यावं लागलं. ऑपरेशन पार पडलं, पण छातीत कफ भरला आणि म्हातारी खाटेची उठलीच नाही. दिवाळीच्या आधी तांड्यावरच वारली.

मॅडम त्या दिवसांत रोज वॉर्डात येऊन बसायच्या. म्हातारी हातची चाललीय हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. प्रल्हाद भांडायला येईल असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो आला तो हळकुंडांचं गाठोडं घेऊन, आईचे दिवस झाल्यावर. मॅडमच्या पाया पडायला वाकला. म्हणाला, याडी शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. जीपमधून उतरवताना तिला कुणी फुलावाणी उचलल्यागत वाटलं म्हणायची. मॅडमनी पाय मागे घेतले. गाठोडं काउंटरवर ठेवून तो गेला, आणि त्याची पाठ वळेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "सुतार, दुखत असतं तर ती उठली नसती."

त्यानंतर त्यांनी जीपमधलं इंजेक्शन बंद केलं. मी पुष्कळ वाद घातला. कॉटला कठडे नव्हते, ते बसवून घेतले. पेशंटजवळ एक माणूस कायम बसेल असा दंडक घातला. दवाखान्यातल्या मावशींना सांगून ठेवलं की पॉट नको म्हणणाऱ्याला पडदा लावून, चार गोड शब्द बोलून तयार करायचं. हे सगळं मॅडमना दाखवलं. त्यांनी कठडा हलवून बघितला, बरोबर बसलाय म्हणाल्या. "तुमी सांगता ते बराबर हाय," म्हणाल्या, "मला होत न्हाई."

ऑपरेशनच्या वेळची भूल त्या पूर्वीसारखीच उत्तम द्यायच्या. पण जीप आली की बाहेर यायच्या नाहीत. आम्ही आपले पूर्वीसारखे तिघं-चौघं मिळून म्हातारी माणसं ओढून काढायचो आणि ती ओरडायची. मॅडम तेवढा वेळ ऑपरेशन थिएटरातल्या बेसिनचा नळ मोठा सोडून हात धूत राहायच्या. पेशंट एक्स-रेच्या टेबलावरून परत आला की नळ बंद व्हायचा. दुसऱ्याला सोसायला लावणारी माणसं त्यांना खपत नव्हती आणि आता त्या स्वतः दाराआड उभ्या राहून सोसायला लावत होत्या. हे मला कळत होतं, त्यांना तर कळतच असणार. अशी किती वर्षं गेली, किती माणसं त्या फाटकातून विव्हळत आत आली, ते मनात मोजायलाही नको वाटतं. एका बाईच्या मरणानं एवढ्या सगळ्यांची सोय बंद व्हावी याचा मला राग यायचा. तो राग धरावा कुणावर हे समजायचं नाही.

त्यांना साखरेचा आजार जुनाच होता. पुढं पुढं हातातून पेन गळायला लागलं, नाडी बघताना बोटं दोनदा जागा बदलायला लागली. बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी बधिर असतात, असं त्या सिस्टरला म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. काम कमी केलं होतं. आमच्याकडे तेवढ्या यायच्या.

अशाच एका सकाळी फाटकात जीप थांबली. आत एक म्हातारा, खुबा मोडलेला, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन प्रल्हाद. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. म्हातारा म्हणजे त्याचे वडील, जमनाबाईंचे मालक. प्रल्हादनं मला नमस्कार केला आणि विचारलं, मॅडम आहेत का. आतून नळाचा आवाज येत होता. मी काही बोलायच्या आत तो तिकडं गेला. मी मागोमाग गेलो.

तो दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, याडीला दिलतं ते बापूला द्या."

मॅडमनी मागे वळून बघितलं नाही. मी ते देत नाही आता, म्हणाल्या.

"काहून?"

त्यांनी नळ बंद केला. इतक्या वर्षांत जे फक्त मला एकदा सांगितलं होतं ते त्यांनी त्याला सांगितलं, "तुझी याडी माझ्या इंजेक्शनानं उठली, प्रल्हाद. दुखत असतं तर उठली नसती."

प्रल्हाद खाली बघत म्हणाला, "इंजेक्शनानं न्हाई उठली ती. झोपायच्या आधी मला म्हणली, मला बाहेर लघवीला ने. मी म्हणलं, नीज, आमी चहा पिऊन येतो. मला वाटलं, तुमाला हे माहीत हाय अन् तुमी माझं नाव घेऊन न्हाई राहिल्या. म्हणून तवा पाया पडलो."

एकाच खाटेचा भार दोघांनी वेगवेगळा वाहिला होता आणि एकानं दुसऱ्याला विचारलं असतं तर दोघांचा हलका झाला असता. मला त्या क्षणी आपण तिथं असू नये असं वाटलं.

मॅडमनी हात पुसले आणि बॅग उघडली. साडी खोचून त्या जीपमध्ये चढल्या, आता चढताना प्रल्हादचा हात धरावा लागला. बापूंच्या बोटाला चिमटा लावला. जांघेत बोट ठेवून जागा शोधली, पुन्हा शोधली. सुई आत गेली. मी त्यांचा चेहरा बघत होतो. पहिली टप लागली असावी, कारण त्या जरा थांबल्या. मग पुढं सरकल्या, थांबल्या, परत थोडं मागं घेतलं. शेवटी औषध सोडलं.

अर्धा तास त्या बापूंशी बोलत बसल्या. शेताचं विचारलं, नातवंडांचं विचारलं. मग पायाला हात लावला आणि बापू ओरडले.

"बापू, जरा तरी कमी हाय का?"

"न्हाई बाई. तसंच हाय."

औषधाची मात्रा ठरलेली असते, लगेच दुसऱ्यांदा देता येत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या काही क्षण आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, स्ट्रेचर आणा.

तो पाय त्यांनी कुणाला धरू दिला नाही. दोन्ही हातांनी, गुडघ्याखाली आणि टाचेखाली धरून, सरळ रेषेत ठेवत त्या जीपमधून मागे मागे उतरल्या. प्रल्हाद आणि आम्ही वरचं अंग उचललं. बापू ओरडत होते आणि मॅडमची नजर त्यांच्या तोंडावर होती. फाटकापासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत त्या स्ट्रेचरच्या बाजूनं वाकून चालल्या, पाय न सोडता. बापू ओरडले की प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "माझं चुकलं, बापू. माझं चुकलं." म्हातारा त्या ओरडण्यातच त्यांची समजूत घालत होता, असू द्या बाई, असू द्या.

एक्स-रेच्या दारात त्यांनी पाय माझ्या हातात दिला. श्वास लागला होता. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोटाला कळत होतं तवा दिलं न्हाई हो, सुतार."

बापूंच्या ऑपरेशनला भूल दुसऱ्या भूलतज्ज्ञानं दिली. मॅडम त्यानंतर आमच्या दवाखान्यात आल्या नाहीत.